गोगलगाईच्या पाठीवरून आलेले पत्र

इतिहास म्हटला म्हणजे तहनामे, सनदा, मोहिमांची बाडे आणि घराण्यांच्या वंशावळी एवढेच बहुधा आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांतून तर मूळपुरुषाचा शोध, इनामाचा कागद आणि कुलदैवताचे स्थान यांना मानाचे पान मिळत आले आहे, व ते योग्यही आहे. परंतु माणूस सदासर्वकाळ दरबारात बसलेला नसतो. तो थट्टा करतो, मित्राला हसवतो, उसनी आणलेली पुस्तके परत करतो, जेवणाचे आमंत्रण स्वीकारतो. या गोष्टींचे कागद सहसा उरत नाहीत. उरलेच तर ते पाहून आपण म्हणतो, यात काय आहे? प्रस्तुत लेखाचा विषय असाच एक कागद आहे. तो इंग्रजी चित्रकार व विनोदी लेखक एडवर्ड लियर याने १९ फेब्रुवारी १८६४ रोजी ग्रीसच्या पश्चिमेकडील कॉर्फू बेटावर लिहिला. ज्याला लिहिला तो एव्हलिन बेअरिंग नावाचा तोफखान्यातील तरुण अधिकारी. त्याचा तेविसावा वाढदिवस अवघ्या एका आठवड्यावर आला होता. लियरचे वय त्या वेळी ५१ होते.

पत्रातील मजकूर पाहू गेल्यास अगदीच किरकोळ. सोबतची चिठ्ठी सर हेन्रींना द्यावी. रविवारी येण्यास मला आनंद वाटेल, असे त्यांना कळवावे. तुम्ही वाचावयास दिलेले टॉमस हूड या विनोदी कवीचे दोन खंड अमुक गृहस्थांकडे पोहोचते केले आहेत. पुस्तकांनी फार आनंद झाला, आभारी आहे. एवढेच. आपल्याकडील एखाद्या कारकुनाने तो दोन ओळींत उरकला असता. परंतु लियरने कागदावर आधी एक गोगलगाय काढली, आणि हा सारा मजकूर तिच्या शंखाच्या वेटोळ्यातून गोल गोल फिरवीत नेला. पत्र वाचावयाचे तर कागद हातात धरून गरगर फिरवावा लागतो. सरकारी निवासात बसलेला, कडक गणवेशातील तो तरुण अधिकारी पत्र वाचण्यासाठी कागद फिरवीत आहे, हे चित्र लियरच्या मनात आधीच उभे असले पाहिजे. पत्रातील खरा विनोद कागदावर नाही, वाचणाऱ्याच्या हातांत आहे.

त्यातही शब्दांच्या वर्णांशी खेळ आहेच. 'अत्यंत' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याने अशा रीतीने लिहिला आहे की, त्याचे आरंभीचे दोन अवयव 'अंडे' आणि 'ओढा' असे दिसू लागतात. 'चिठ्ठी' या अर्थाचा शब्दही असाच मुद्दाम अशुद्ध. लियरला शुद्धलेखन येत नव्हते असे कोणी समजू नये. शुद्धलेखन पक्के येणाऱ्यालाच ते इतक्या नेमकेपणाने बिघडवता येते.

याच मित्राला त्याने लिहिलेली आणखी दोन पत्रे सांगण्यासारखी आहेत. एकात सर्व शब्द एकमेकांस चिकटवून, मध्ये कोठेही जागा न सोडता, उच्चाराप्रमाणे लिहिलेले आहेत. दोन छायाचित्रे सापडली ती पाठवीत आहे, हवी तर दोन्ही ठेवून घ्या, आणि तुमचे स्वतःचे याहून चांगले निघेल तेव्हा मला द्या, असा त्याचा आशय. इंग्रज वाचकाला हे पत्र म्हणजे मोठे कोडे वाटते. आपल्या वाडवडिलांना मात्र त्यात नवल वाटले नसते. मोडी लिहिणारा आधी पानावर आडवी रेघ ओढून घेई आणि त्या रेघेखाली शब्दांत अंतर न ठेवता मजकूर चालवी. शब्द कोठे तुटतो हे वाचणाऱ्याने ओळखावयाचे. लियरने थट्टेखातर जे केले ते आमच्या चिटणिसांच्या लेखणीचे नित्याचे वळण होते. फरक इतकाच की आमच्याकडे त्याला कोणी हसत नसे, आणि चूक वाचली तर प्रसंगी खटला उभा राही.

दुसरे पत्र याहूनही विलक्षण. त्यात शब्दकोशात सापडेल असा शब्द नाही. आरंभी मायना असावा तसा मायना, मग प्रश्न, मग उद्गार, मग काही गंभीर निवेदन असावे अशी लांब वाक्ये, शेवटी सही. सगळे यथास्थित, विरामचिन्हांसह. पण भाषा कोणतीच नाही. आमच्याकडील मुले 'च'ची भाषा बोलतात, तीत मूळ शब्द लपलेला असतो आणि किल्ली ठाऊक असली की तो सापडतो. करपल्लवी व नेत्रपल्लवी यांतही संकेत असतो. लियरच्या या पत्राला किल्लीच नाही. तरीही ते वाचताना आपल्याला कोणी तरी आपुलकीने काही विचारीत आहे असे वाटत राहते. पत्राचा सांगाडा शिल्लक ठेवून त्यातील अर्थ काढून घेतला तर काय उरते? आपण ज्याला लोभ म्हणतो तो उरतो, असे हे पत्र पाहून वाटते. आपल्या जुन्या पत्रांतही 'कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष' पासून 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे' पर्यंतचा भाग काही बातमी सांगत नसे. तरी तो गाळून कोणी पत्र लिहिले तर घेणारा रागावत असे.

आता ही थट्टा करणारा माणूस कोण होता ते पाहू. लियर १८१२ साली लंडनजवळ जन्मला. एकवीस अपत्यांपैकी तो विसावा. बापाचा रोख्यांचा व्यवसाय बुडाला, घर विसकटले आणि या मुलाचे संगोपन त्याच्याहून एकवीस वर्षांनी मोठी असलेली बहीण ॲन हिने केले. वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून त्यास अपस्माराचे झटके येत. पुढे दमा जडला, आणि विषण्णतेचे आवर्त तर जन्मभर सुटले नाही. अपस्मार ही त्या काळी लज्जास्पद गोष्ट समजली जात असल्यामुळे ती त्याने मित्रांपासून लपवून ठेवली. रोजनिशीत मात्र झटका आलेल्या दिवशी तो फुलीची खूण करीत असे. अशा रोजनिशीचे तीस खंड अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आजही आहेत. एकीकडे फुल्यांची रोजनिशी आणि दुसरीकडे गोगलगाईची पत्रे, अशी त्या माणसाची दोन दप्तरे होती. मित्रांच्या हाती दुसरेच पडत असे.

एकोणिसाव्या वर्षाच्या आत-बाहेर त्याने पोपटांच्या चित्रांचे एक भव्य पुस्तक काढण्यास आरंभ केला. त्यातील ४२ शिळाछापाची चित्रे आजही पक्षिचित्रणाचा आदर्श मानली जातात. अर्ल ऑफ डर्बी याच्या प्राणिसंग्रहालयातील प्राणी रंगविण्यासाठी तो त्या घरी राहिला आणि तेथील मुलांना हसवण्यासाठी निरर्थक कविता रचू लागला. त्या १८४६ साली पुस्तकरूपाने निघाल्या, पण टोपणनावाने. त्याच वर्षी त्याने खुद्द व्हिक्टोरिया राणीला चित्रकलेचे धडे दिले. पुढे डोळे अधू झाल्याने बारीक काम सोडून तो निसर्गचित्रांकडे वळला आणि हवामानासाठी इटली, ग्रीस, कॉर्फू असा फिरत राहिला. विवाह केला नाही. चित्रे विकून पोट भरावयाचे आणि गिऱ्हाईक बहुधा उमराव वर्गातले. त्यामुळे उमरावांच्या घरी राहणे, त्यांच्या पंक्तीस बसणे आणि तरीही आपण त्यांच्यातले नाही हे जाणून असणे, हा त्याचा जन्मभराचा अनुभव होता.

याच अनुभवाच्या प्रकाशात कॉर्फूचे पत्र पुन्हा वाचावे. १८१५ पासून ते बेट ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते. लॉर्ड हाय कमिशनर सर हेन्री स्टॉर्क्स याचा एव्हलिन बेअरिंग हा अंगरक्षक-अधिकारी. गव्हर्नराच्या भोजनाला जावयाचे तर निरोप त्याच्या हातून जाणार. म्हणजे हे पत्र दिसावयास मित्राचे असले तरी वाटेवर ते दारपालाच्या हाती पडणारे होते. शिवाय तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. आयोनियन बेटे ग्रीसच्या स्वाधीन करण्याचे ठरले होते. इंग्रज पलटणी जाणार, त्यांच्याबरोबर साहेबांची कुटुंबे जाणार, आणि लियरची गिऱ्हाइकेही जाणार. त्याला आवडलेले हिवाळ्याचे घर मोडणार होते. तो स्वतः एप्रिलात निघाला. जूनमध्ये बेटांवरचे इंग्रजी निशाण उतरले. पत्रात यातील एक अक्षर नाही. आपल्याकडे म्हण आहे, गोगलगाय आणि पोटात पाय. एरवी ती लबाड माणसाला लावतात. येथे मात्र ती निराळ्या अर्थाने खरी आहे. स्वतःचे घर पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या या प्राण्याच्या शंखात त्या बिऱ्हाडहीन माणसाने आपले पत्र ठेवावे, ही गोष्ट त्याने जाणून केली असेल असे म्हणण्याचे धाडस मी करीत नाही. परंतु ती नजरेआडही करवत नाही.

एव्हलिन बेअरिंग हा तरुण आपल्याला परका नाही. त्याचा चुलतभाऊ लॉर्ड नॉर्थब्रूक १८७२ साली हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि एव्हलिन त्याचा खाजगी चिटणीस म्हणून कलकत्त्यास आला. नॉर्थब्रूक हाही लियरचा जुना स्नेही. त्याच्या आमंत्रणावरून हा साठी उलटलेला चित्रकार २२ नोव्हेंबर १८७३ रोजी मुंबईच्या बंदरात उतरला. बरोबर जॉर्जिओ कोकाली नावाचा त्याचा विश्वासू चाकर होता. तो १८५६ पासून त्याच्याबरोबर होता. मुंबईचे रंग, झाडे आणि गर्दी पाहून लियर हरखून गेला. तेथून लखनौ, काशी, कलकत्ता, दार्जिलिंग, आग्रा, दिल्ली, सिमला असा प्रवास करून १८७४ च्या पावसाळ्यात तो पुण्यास येऊन राहिला. त्याच वर्षाच्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला पुण्यात सुरू झाली होती. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाला पुरते वर्षही झाले नव्हते. सार्वजनिक सभा चार वर्षांची होती. आपल्या आधुनिक इतिहासाचे इतके प्रवाह ज्या गावात उगम पावत होते त्याच गावात, छावणीच्या बाजूस, पावसाने अडकलेला एक इंग्रज चित्रकार दिवस काढीत होता. दोन जगे एका पावसात भिजत होती.

त्या जुलैत मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रात लियरची एक कविता छापून आली. तिचे नाव 'द कमरबंड', म्हणजे आपला कमरबंद. साहेबांच्या बंगल्यात रोज कानी पडणारे देशी शब्द त्याने उचलले आणि त्यांचे अर्थ ठाऊक नसल्याचा आव आणून त्यांना हवे ते रूप दिले. धोबी हे बसण्याचे आसन झाले. खानसामे ही उंच झाडे झाली. चपराशी सोनेरी परांचे मासे होऊन नदीत पोहू लागले. आया हिरव्या पक्ष्यांप्रमाणे झाडावर बसल्या, नाल्याला जांभळ्या फांद्या फुटल्या, मीठ गुणगुणू लागले, आणि शेवटी कमरबंद हा भयंकर पशू येऊन बिचाऱ्या नायिकेला गिळून गेला.

ही कविता वाचून मराठी माणसाला इंग्रज वाचकापेक्षा अधिक हसू येते, कारण त्याला मूळ अर्थ ठाऊक असतात. पण हसता हसता एक गोष्ट ध्यानात येते. यातील निम्मे शब्द वस्तूंचे नाहीत, माणसांचे आहेत. आणि ती सर्व माणसे चाकरीची आहेत. धोबी, भिस्ती, खिदमतगार, चपराशी, आया. ज्यांच्या श्रमावर तो बंगला चालत होता ती माणसे या गाण्यात झाडे, मासे आणि पाखरे झाली. आपल्या समाजातील वाचकांना, ज्यांच्या आज्या-पणज्यांनी आणि पणजोबांनी कोणाच्या ना कोणाच्या दारी चाकरी केली आहे, हे खटकल्यावाचून राहणार नाही. लियरला दोष द्यावा काय? मला वाटते, तितका देऊ नये. स्वतःच्या भाषेलाही त्याने असेच वागविले आहे. इंग्रजी शब्दाच्या पोटातून त्याने अंडे काढलेले आपण पाहिलेच. शिवाय चाकराविषयी तो बेपर्वा नव्हता. प्रवासाच्या अखेरीस सिलोनात जॉर्जिओ आजाराने मरणाच्या दारी गेला तेव्हा पुढील बेत सोडून लियर परत फिरला आणि जानेवारी १८७५ मध्ये त्याने हिंदुस्थान सोडला. तथापि थट्टा करणारा आणि जिच्यावर थट्टा होते ती व्यक्ती समान पातळीवर नसतील, तर थट्टेची चव बदलते. बेअरिंगला लिहिलेल्या पत्रात लियर खालच्या पायरीवरून वर पाहून हसत होता. 'कमरबंड' लिहिताना तोच माणूस वरच्या पायरीवर होता.

आणि बेअरिंग? तो दोहोंच्याही वर चढत गेला. १८८० ते १८८३ या काळात तो व्हाइसरॉयच्या कौन्सिलात हिंदुस्थानचा अर्थमंत्री होता. १८८२ च्या त्याच्या अंदाजपत्रकाने मिठावरील कर कमी झाला हे खरे. पण त्याच अंदाजपत्रकाने विलायती कापडावरील आयातकरही उठला आणि मुंबईच्या गिरण्यांना मँचेस्टरशी उघड्या मैदानात झुंजावे लागले. त्याच्या आडनावावर कोटी करून येथील इंग्रजच त्याला 'ओव्हरबेअरिंग', म्हणजे उद्दाम, म्हणत. पुढे १८८३ पासून १९०७ पर्यंत तो ईजिप्तचा खरा सत्ताधीश होता. लॉर्ड क्रोमर हे नाव जगाला ठाऊक झाले ते तेथूनच. १९०६ साली डेनशवाई या खेड्यात इंग्रज अधिकारी कबुतरांच्या शिकारीस गेले, गावकऱ्यांशी चकमक झाली, एक अधिकारी मेला, आणि त्याबद्दल चार गावकऱ्यांना फाशी व इतर कित्येकांना फटके आणि तुरुंग अशी शिक्षा झाली. क्रोमर त्या वेळी रजेवर मायदेशी होता. परंतु राज्य त्याचे होते आणि ईजिप्तच्या लोकांनी ते त्याच्याच खात्यावर मांडले. दुसऱ्याच वर्षी तो निवृत्त झाला.

असा हा माणूस. त्याच्या दप्तरात खलिते, जमाखर्च, गुप्त अहवाल यांचे ढीग असणार. त्या ढिगांबरोबर त्याने गोगलगाईचे ते पत्र ४७ वर्षे सांभाळून ठेवले. लियरच्या स्नेह्यांपैकी लॉर्ड कार्लिंगफर्ड याच्या नात्यातील लेडी स्ट्रेची हिने १९०७ साली लियरच्या पत्रांचा संग्रह आणि १९११ साली त्याच्या अप्रसिद्ध विनोदी साहित्याचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. या दुसऱ्या पुस्तकाला प्रस्तावना क्रोमरची. त्याच्याजवळची पत्रे या निमित्ताने जगापुढे आली. ती त्याने टाकून दिली असती तर ते कोणालाही कळले नसते; ज्याला आपण 'महत्त्वाचे' म्हणतो असे त्यांत काहीच नव्हते.

येथे आपल्या घराकडे थोडे वळले पाहिजे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड काढले. त्यांतील पहिला १८९८ चा. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि हजारो कागद वाळवीच्या तोंडातून वाचले. हे ऋण न फिटणारे आहे. परंतु आपल्या घरांतील पत्रांची रीत काय होती ते आठवावे. आलेले पोस्टकार्ड वाचून झाले की ते भिंतीवरच्या तारेच्या आकड्यात ओवावयाचे. तार भरली की ती रिकामी करावयाची, बहुधा चुलीपुढे किंवा बंबात. मृत्यूची वार्ता आणणारे कार्ड तर वाचताक्षणी फाडून टाकण्याचा प्रघात होता. जमिनीचा कागद मात्र पेटीत, फडक्यात बांधून. त्यामुळे पणजोबांच्या नावावर किती बिघे जमीन होती हे आपण सांगू शकतो. ते कशाला हसत असत हे सांगू शकत नाही. एखाद्या घरी थोरल्या भावाने धाकट्याला मोडीत लिहिलेले खोडकर पत्र, सासरी गेलेल्या बहिणीला कोड्यात घातलेला निरोप, शाळासोबत्याने कार्डाच्या कडेने उलटे-सुलटे लिहून भरलेला मजकूर असे काही उरले असेल, तर ते मोडी वाचता येत नाही म्हणून किंवा त्यात 'काही नाही' म्हणून रद्दीत जाते. मोडी जाणणारी मंडळी विरळ झाली आहेत, आणि आज निरोप भ्रमणध्वनीवरून येतात व बोटाच्या एका स्पर्शाने पुसले जातात. मंडळाच्या पुढील स्मरणिकेसाठी सभासद कुटुंबांनी वंशावळीबरोबर असा एखादा कागदही पाठवावा, त्याची छायाप्रत काढून मूळ कागद ज्याचा त्याला परत करावा, अशी माझी कार्यकारी मंडळास सूचना आहे. खाजगी दुःखाचे किंवा भांडणाचे कागद अर्थातच घरीच राहोत.

असो. लियरची अखेर इटलीतील सान रेमो गावी झाली. जॉर्जिओ १८८३ साली वारला, आवडते मांजर फॉस १८८७ च्या अखेरीस गेले, आणि २९ जानेवारी १८८८ रोजी लियरही गेला. हिंदुस्थानात काढलेली त्याची चित्रे बरीचशी पेटाऱ्यांतच राहिली. दार्जिलिंगहून दिसणाऱ्या कांचनगंगेचे मोठे तैलचित्र नॉर्थब्रूकने आवडीने घेतले तेवढे प्रसिद्ध झाले. त्याची हिंदुस्थानातील रोजनिशी पुस्तकरूपाने निघावयास १९५३ साल उजाडले, तेव्हा तो बंगला, तो व्हाइसरॉय आणि ते चपराशी यांतले कोणीच उरले नव्हते. लॉर्ड क्रोमर १९१७ साली वारला. ती तारीखही २९ जानेवारीच होती.